बर्लिन, जानेवारी १९१९: मिनिएचर वॉरगेममध्ये राजकीय अशांततेची कॅम्पेन कशी चालवावी

प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांचा गट आहे, २८ मिमीच्या मिनी (सैनिकांच्या छोट्या प्रतिमा) आहेत, आणि एखाद्या शहरातल्या राजकीय अशांततेवर सलग कॅम्पेन, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या डावांची मालिका, खेळायची आहे. पण दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या डावातच उघड युद्ध सुरू होतं, एक बाजू साफ होते आणि उरलेले यायचे बंद होतात. हे टाळायचं कसं?

याचं मूळ कारण एकच. आपले बहुतेक नियमसंच गोळीबार फुकट देतात. रेंजमध्ये आहे, दिसतोय, मग फासे टाकायचे. रणांगणावर ते ठीक आहे. शहरातल्या राजकीय संघर्षात मात्र प्रत्येक गोळीचा हिशोब दुसऱ्या दिवशी द्यावा लागतो: बराकीत बसून राहिलेल्या शिपायांना, संपावर जायचं की नाही या विचारात असलेल्या कामगारांना, सकाळचा पेपर वाचणाऱ्यांना. हा हिशोब नियमांत आणला की कॅम्पेन आपोआप टिकते. आणला नाही, तर टेबलावर कितीही सुंदर टेरेन (इमारती, रस्ते) करा, तिसऱ्या रविवारी ती संपणार.

काल्पनिक देशापेक्षा खरी घटना घ्या. काल्पनिक देशात कोण कोणाला का मानतं हे अंपायरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, दर वेळी समजावून सांगावं लागतं, आणि वाद तिथेच होतात. माझी शिफारस बर्लिन, जानेवारी १९१९. कालावधी छोटा, जागा मोजक्या, बाजू चार, आणि डोक्यावर तारखेची टांगती तलवार: १९ जानेवारीला राष्ट्रीय सभेची निवडणूक.

पार्श्वभूमी खेळाडूंना एका पानावर द्या, त्याहून जास्त नको. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर गेला आणि एबर्टच्या नेतृत्वाखाली समाजवाद्यांचं सरकार आलं. डिसेंबरच्या अखेरीस त्यातून स्वतंत्र समाजवादी, म्हणजे यूएसपीडीवाले, बाहेर पडले. नववर्षाच्या तोंडावर कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. ४ जानेवारीला सरकारने यूएसपीडीचा पोलीसप्रमुख एमिल आयशहॉर्न याला काढलं, त्याने खुर्ची सोडायला नकार दिला. ५ तारखेला प्रचंड मोर्चा निघाला आणि त्यातल्या सशस्त्र गटांनी वृत्तपत्रांच्या इमारती ताब्यात घेतल्या; त्यात खुद्द सत्ताधारी पक्षाचं मुखपत्र ‘फोरवेर्ट्स’ही होतं. ६ तारखेला लाखो लोक रस्त्यावर थांबले, पण पन्नासहून अधिक सदस्यांची क्रांतिकारी समिती बैठकच करत राहिली. त्याच दिवशी सरकारमधल्या गुस्टाफ नोस्केकडे लष्करी सूत्रं गेली आणि त्याने बर्लिनजवळच्या दालेममधल्या मुलींच्या एका शाळेत मुख्यालय थाटलं. ११ तारखेला फोरवेर्ट्सवर तोफा, मॉर्टर आणि फ्लेमथ्रोअर घेऊन हल्ला झाला, १२ तारखेला अलेक्झांडरप्लाट्झचं पोलीस मुख्यालय पडलं.

५ ते १२ जानेवारी, म्हणजे आठ दिवस. एक दिवस म्हणजे कॅम्पेनचा एक टर्न. आठही दिवस टेबल मांडायचं नाही. तीन, फार तर चार डाव टेबलावर व्हावेत; बाकी सगळं नकाशावर आणि व्हॉट्सॲपवर. गुरुवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने आपले आदेश अंपायरला पाठवायचे. दोन सशस्त्र आदेश एकाच भागात आमनेसामने आले तरच रविवारी टेबल लागतं, नाहीतर अंपायर एका फाशावर निकाल देऊन पुढच्या दिवसाकडे जातो.

बाजू कशा वाटायच्या

पाचांपैकी एक अंपायर. तो खेळाडू नाही, आणि अर्धवट खेळाडूही नाही. त्याच्याकडे कोणतीही फौज द्यायची नाही. उरलेले चार: सरकार, फ्रायकोअरचा कमांडर, क्रांतिकारी समिती आणि यूएसपीडी.

इथे बहुतेक गट सरकार आणि फ्रायकोअर एकाच खेळाडूला देतात. तसं केलंत तर कॅम्पेनमधला सगळ्यात चांगला ताण हातचा जातो. सरकारला निवडणूक शांतपणे पार पाडायची आहे. फ्रायकोअर म्हणजे आघाडीवरून परतलेल्या सैनिकांच्या स्वयंसेवी तुकड्या, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना या प्रजासत्ताकाबद्दल प्रेम नाही. त्या दोघांना एकमेकांची गरज आहे आणि एकमेकांवर विश्वास नाही. हे दोन माणसांनीच खेळावं लागतं.

प्रत्येकाला एक बंद पाकीट द्या, त्यात त्याची स्वतःची जिंकण्याची अट (पारा, मान्यता आणि डळमळीत गट म्हणजे काय ते पुढे येतं). सरकार: १२ तारखेला पारा १२ च्या खाली आणि आपली मान्यता किमान ५. फ्रायकोअर: दोन महत्त्वाच्या इमारती स्वतःच्या माणसांनी घेतलेल्या. क्रांतिकारी: आठपैकी चार डळमळीत गट आपल्या बाजूला, किंवा निवडणूक पुढे ढकलली गेलेली. यूएसपीडी: किमान एक तडजोड दोन्ही बाजूंनी सही केलेली आणि एक पूर्ण दिवस टिकलेली. या अटींमुळे दोन जण एकत्र जिंकू शकतात, किंवा चौघंही हरू शकतात. दोन्ही शक्यता खुल्या ठेवा.

पारा, मान्यता आणि डळमळीत गट

मोजपट्ट्या दोनच ठेवा. तिसरी आली की अंपायर हिशोबनीस होतो.

पहिली ‘पारा’, म्हणजे शहरातला तणाव, सगळ्या शहरासाठी एक, ० ते २०, सुरुवात ६ वर. १० च्या वर दुकानं बंद, ट्राम बंद, टेबलावर गर्दीचे बेस (मिनी चिकटवलेल्या चकत्या) दुप्पट. १५ च्या वर सरकार तोफखान्याची परवानगी देऊ शकतं. २० ला निवडणूक पुढे ढकलली जाते आणि सरकार व यूएसपीडी दोघंही तिथल्या तिथे हरतात.

दुसरी ‘मान्यता’, म्हणजे लोक त्या बाजूला किती मानतात, ० ते १०. सरकार ५, क्रांतिकारी ५, यूएसपीडी ४. फ्रायकोअरला मान्यता नसते. त्याने काही वाईट केलं तर किंमत सरकारच्या खात्यातून जाते. हाच त्या दोन खेळाडूंमधला खरा व्यवहार.

आता गाभा. आठ कार्डं करा: बराकीतल्या सैन्याच्या तीन तुकड्या, नौसैनिकांची फोक्समरीन डिव्हिजन, आयशहॉर्नचं सुरक्षा दल, प्रजासत्ताक सैनिक दल, रेल्वे कामगार आणि वीज कामगार. प्रत्येक कार्डावर उणे ३ ते अधिक ३ अशी पट्टी. अधिक म्हणजे क्रांतिकारकांकडे, उणे म्हणजे सरकारकडे. सगळे शून्यावर, फक्त आयशहॉर्नचं दल अधिक २ वर. टोकाला पोहोचलेला गट त्या बाजूने टेबलावर उतरतो किंवा काम बंद करतो. मधल्या आकड्यांवर तो जागचा हलत नाही, तिथे कोणी कितीही आदेश दिले तरी. फोक्समरीनचे नौसैनिक खऱ्या जानेवारीत तटस्थच राहिले, हे क्रांतिकारी खेळाडूला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो त्यांना गृहीत धरून बसतो.

मन वळवण्याचा आदेश: दोन फासे, अधिक स्वतःच्या मान्यतेचा निम्मा (खालच्या पूर्णांकात). बेरीज ९ किंवा जास्त आली तर कार्ड एक घर सरकतं. फाशांवर दोन एक्के आले तर एक घर उलटं. मान्यता ५ असताना फाशांवर ७ लागतात, म्हणजे यशाची शक्यता सुमारे ५८ टक्के. मान्यता ३ वर आली की ८ लागतात, शक्यता ४२ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे खेळाडूंना मोकळेपणाने सांगा. गर्दीवरच्या एका गोळीबाराने मान्यता दोनने खाली येते. ती दोन घरं पुढचे सगळे दिवस किती महाग पडतात हे दिसल्याशिवाय कोणी ट्रिगरवरचं बोट काढत नाही.

गोळीबाराची किंमत ठरलेली ठेवा. निःशस्त्र माणसं पडली तर पारा ३ ने वर, झाडणाऱ्याची मान्यता २ ने खाली, आणि आठही कार्डं एक घर त्याच्यापासून दूर. सशस्त्र विरुद्ध सशस्त्र चकमक झाली तर पारा फक्त १ ने वर. हवेत गोळीबार झाला तर पारा १ ने वर, मान्यतेला धक्का नाही, पण गर्दीचा फासा लगेच टाकायचा.

आणि पहिली गोळी कोणी झाडली? दोन्ही बाजूंनी एकाच टर्नमध्ये झाडली असेल तर अंपायर सर्वांसमोर एक फासा टाकतो. १–२ आला की अफवा उलटी फिरते आणि दोष समोरच्यावर जातो. ज्याच्या ताब्यात वृत्तपत्राची इमारत आहे त्याला हा फासा एकने, हव्या त्या दिशेने, बदलता येतो.

वृत्तपत्रं या कॅम्पेनचा प्राण आहेत. बंडखोरांनी फोरवेर्ट्स घेतल्यावर तिथून स्वतःचा अंक छापला. म्हणून नियम असा: ज्याच्याकडे छापखाना, तो रोज रात्री पन्नास शब्दांची बातमी लिहितो आणि डावाच्या सुरुवातीला मोठ्याने वाचतो. बातमीत आदल्या दिवशी खरंच घडलेली एक गोष्ट असलीच पाहिजे; अर्थ काय लावायचा तो त्याचा हक्क. वाचली की मान्यता १ ने वर. लिहिली नाही तर काहीच नाही. या नियमामुळे न बोलणारे खेळाडूसुद्धा बोलायला लागतात.

क्रांतिकारी खेळाडूची अडचण

इतिहासातली समिती निर्णय घेऊ शकली नाही, आणि ते खेळात यायलाच हवं. पण एखाद्याला रविवारभर ‘तुझी समिती चर्चा करतेय’ असं सांगून बसवून ठेवलं तर पुढच्या रविवारी तो येणार नाही. तोडगा: तो दर दिवशी तीन आदेश लिहितो, प्राधान्यक्रमाने. एक फासा: १–२ ला एकच आदेश निघतो, ३–४ ला दोन, ५–६ ला तिन्ही. फासा आवडला नाही तर शेवटचा आदेश फाडून टाकून एकदा पुन्हा टाकता येतो, आणि मग जास्तीत जास्त दोनच आदेश निघतात. निर्णय त्याच्याच हातात राहतो, फक्त पुरेसा कधीच नसतो.

जोडीला गर्दीची गळती. ५ तारखेला नकाशावर गर्दीचे दहा बेस. ज्या भागात त्या दिवशी कोणाचाही आदेश लागू झाला नाही, तिथले तीन बेस रात्री घरी जातात. ६ जानेवारीचं चित्र यातून आपोआप उभं राहतं: माणसं आहेत, उत्साह आहे, पण कोणी काही सांगत नाही, आणि संध्याकाळी रस्ते रिकामे.

टेबलावर

चार बाय चार फूट पुरे. प्रत्येक बाजूला २० ते ३० मिनी, आठ टर्न, दोन-अडीच तास. नियमसंच तुम्हाला पाठ असलेला कोणताही छोट्या तुकड्यांचा घ्या. गर्दी आणि मशीनगन एवढंच वरून बसवा.

मशीनगनने शहरी डाव मरतात, हे पहिल्याच वेळी अनुभवाला येतं. सरळ रस्ता, टोकाला खिडकीत एमजी ०८, आणि पहिल्या टर्नमध्ये अर्धं टेबल बंद. तीन उपाय एकत्र लागतात. बाजूगणिक एकच मशीनगन. ती हललेल्या टर्नमध्ये झाडत नाही. पाण्याने थंड होणारं जड हत्यार आहे ते, जागा बदलून लगेच चालत नाही. आणि टेबलावर कुठेही अठरा इंचांपेक्षा लांब सरळ नजर जाऊ द्यायची नाही. रस्त्यांना कोन द्या, मधे ट्रामचा डबा आडवा घाला, कोपऱ्यांवर जाहिरातींचे गोल खांब उभे करा. हे खांब बर्लिनमध्येच १८५५ मध्ये अर्न्स्ट लिटफास याने सुरू केले, त्यामुळे ते इथे शोभतात. २५ मिमी व्यासाची पुठ्ठ्याची नळी साडेसहा सेंटीमीटरवर कापा, वर पुठ्ठ्याची चकती बसवा. त्या आठवड्यात खेळाडूने लिहिलेली पन्नास शब्दांची बातमी बारीक टायपात छापून त्यावर फेव्हिकॉलने डकवा. दर डावाला जुन्यावर नवा कागद चढवत जा. आठव्या दिवसापर्यंत त्या खांबावर अख्ख्या कॅम्पेनचे थर साचतात, आणि खेळाडू टेबल लागायच्या आधी वाकून ते वाचत असतात.

इमारती पाच मिमी सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या पाट्या). खऱ्या मापाच्या मागे लागू नका: बर्लिनच्या रस्त्यांवरच्या घरांची छपराखालची उंची २२ मीटर, म्हणजे २८ मिमीच्या मापात जवळजवळ चाळीस सेंटीमीटर. अशा दोन भिंतींमध्ये हात घालून मिनी हलवता येत नाही. तीन मजले, अठरा ते वीस सेंटीमीटर, एवढं बस. रस्ता मात्र किमान पंधरा सेंटीमीटर रुंद ठेवा, नाहीतर गर्दीचे बेस अडकतात. आतली अंगणं विसरू नका. जुन्या बांधकाम नियमात त्यांचं किमान माप ५.३४ मीटर चौरस होतं, आग विझवणारी गाडी वळावी म्हणून. टेबलावर साडेनऊ सेंटीमीटर. हल्लेखोर पुढच्या दारातून मरतो आणि मागच्या अंगणातून जिंकतो, हे खेळाडूंना एकदा कळलं की डाव बदलतो.

बॅरिकेडसाठी वाळूची पोती रंगवण्याआधी बर्लिनच्या वृत्तपत्र-कचेऱ्यांच्या भागातले त्या वेळचे फोटो बघा. बचाव करणाऱ्यांनी छापखान्यातले कागदाचे प्रचंड रोल आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले होते. अठरा मिमी जाडीचा लाकडी दांडा पंचवीस मिमीच्या तुकड्यांत कापा, भोवती साधा कागद दोन वेढे गुंडाळा, टोकांना मधोमध काळा ठिपका. वीस रोलमध्ये एक रस्ता बंद होतो. नियमात त्यांना जड आड (गोळ्यांपासून भक्कम संरक्षण) द्या, पण फ्लेमथ्रोअरसमोर अजिबात नाही.

गर्दी ६० मिमीच्या गोल बेसवर, प्रत्येकी पाच मिनी; त्यात बायका आणि मुलं असावीत. प्रत्येक टर्नच्या शेवटी सलग गर्दीसाठी एक फासा: १ ला आठ इंच मागे पळापळ, २–३ ला जागच्या जागी, ४–५ ला जवळच्या आवाजाकडे किंवा वक्त्याकडे चार इंच, ६ ला जवळच्या सशस्त्र तुकडीकडे सहा इंच. सहा इंचांत वक्ता असेल तर फासा एकने बदलतो. गर्दी तुकडीला येऊन भिडली की तुकडीने दोन फासे टाकायचे. ६ किंवा कमी आले तर शिपाई लोकांशी बोलायला लागतात आणि त्या डावात पुन्हा बंदूक उचलत नाहीत.

हा नियम पटत नसेल तर सुरुवातीचा सराव डाव म्हणून २४ डिसेंबर १९१८ ची मार्श्टालची लढाई खेळा. राजवाडा आणि शाही तबेल्यांत फोक्समरीनचे नौसैनिक, बाहेर तोफांसह नियमित सैन्य. सैन्याने सकाळी तोफा डागल्या, ते वरचढही ठरत होतं. मग नागरिकांची गर्दी, त्यात बायका-मुलं, दोन्हींच्या मधे घुसली आणि हल्ला तिथेच विरघळला. टेबलावर हे बघितलेल्या सेनापतीला गर्दीचा नियम पुन्हा समजावावा लागत नाही. शिवाय सरकारने पुढे नियमित फौजेऐवजी फ्रायकोअरकडे का बघितलं, हेही त्याला कळतं.

मिनी विकत घेताना एक अडचण येईल: दोन्ही बाजूंकडे तेच करडे गणवेश, तेच हेल्मेट. क्रांतिकारकांना लाल दंडपट्ट्या रंगवा, आणि बेसच्या कडा वेगळ्या रंगाच्या ठेवा. तीन फुटांवरून दंडपट्टी दिसत नाही. सपाट टोप्यांचे कामगार आणि नौसैनिक दोन्हीकडे वापरता येतात, म्हणून पहिली खरेदी त्यांची करा.

डावांमधले नुकसान, आणि जिथे थांबायचं

कॅम्पेन मारून टाकणारी दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या विजयाचा डोंगर होत जाणं. म्हणून पडलेल्या मिनीपैकी निम्म्या दुसऱ्या दिवशी परत, पाव दोन दिवसांनी, पाव कायमच्या गेल्या. क्रांतिकारकांची माणसं संपत नाहीत, रायफली संपतात: त्यांना ४० रायफल-टोकन द्या, हरलेल्या डावात मैदानावर राहिलेली टोकनं विजेत्याला. फ्रायकोअर ८ तारखेपासून बोलावता येतो, ११ ला शहरात पोहोचतो. बोलावल्याक्षणी सरकारची मान्यता १ ने खाली. तोफ टेबलावर आणायला सरकारच्या सहीची चिठ्ठी लागते, आणि फ्रायकोअरने चिठ्ठीशिवाय आणली तर ती चालते, पण पारा २ ने वर आणि बिल सरकारच्या नावे. सरकारी खेळाडू ती चिठ्ठी हातात धरून किती वेळ बसतो ते बघण्यासारखं असतं.

कैद्यांचा नियम आधी ठरवा. फोरवेर्ट्समधून वाटाघाटीसाठी बाहेर आलेल्या माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि १५ तारखेला रोझा लुक्सेम्बुर्ग व कार्ल लिबक्नेश्ट यांचे खून झाले. या गोष्टी टेबलावर मांडू नयेत. त्यात खेळण्यासारखं काही नाही, ती खरी माणसं होती. शरण आलेला प्रत्येक कैदी डावातून सुरक्षित बाहेर जातो आणि पकडणाऱ्याला वाटाघाटीत एक गुण देतो, एवढंच ठेवा. इतिहासाच्या पानावर मात्र घडलं ते स्पष्ट लिहा. एखादा खेळाडू शेवटी विचारतोच, आणि त्याला खरं उत्तर मिळालं पाहिजे.

शेवट १९ तारखेच्या निवडणुकीने करा. खऱ्या निकालात सत्ताधारी समाजवाद्यांना ३७.९ टक्के आणि यूएसपीडीला ७.६ टक्के मतं पडली. कम्युनिस्टांनी बहिष्कार टाकला होता. हे आकडे पाया धरा. सरकारच्या मान्यतेतला ५ पासूनचा प्रत्येक फरक म्हणजे दोन टक्के वर किंवा खाली, यूएसपीडीसाठी ४ पासून तसाच. मग पाकिटं उघडा आणि अटी वाचा.

दुसऱ्या फेरीसाठी हाच सांगाडा मुंबईला लावता येतो: १८ फेब्रुवारी १९४६ ला ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झालेला नौसैनिकांचा संप, २१ तारखेचा कॅसल बॅरॅक्सचा गोळीबार, २३ ला शरणागती. सहा दिवस, सहा टर्न. तिथे छापखान्याची जागा वायरलेस आणि सिग्नल घेतात, गिरणी कामगार आणि शहरातले हिंदी शिपाई डळमळीत कार्डांवर येतात, आणि यूएसपीडीच्या खुर्चीत संप मिटवायला निघालेले काँग्रेस व लीगचे नेते बसतात. किनाऱ्याची बाजू टेबलाच्या कडेला घ्या. बंदरातली जहाजं मिनी म्हणून लागत नाहीत, त्यांच्या तोफांचं तोंड कुठे आहे एवढं नकाशावर एका बाणाने दाखवलं तरी पुरतं.